सरबत कोणाचे?

परदेशगमन म्हटले की उच्च शिक्षण किंवा मोठी नोकरी डोळ्यांपुढे येते. माझे परदेशगमन झाले ते मामीच्या बाळंतपणामुळे! मामा दुबईत एसी दुरुस्तीची कामे करतो. आजीला एकटीला विमानात बसवण्याचे धाडस कोणाला होईना. घरात इंग्रजी फॉर्म वाचता येणारी मी एकटीच. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आजीची सोबत म्हणून माझी रवानगी झाली.

मामाच्या शेजारी एक येमेनी कुटुंब राहते. आम्ही भेटीला गेलो तेव्हा त्या बाईंनी उंच काचेच्या पेल्यांतून गडद जांभळे सरबत आणले. "काय गो, जांभळाचा सरबत?" आजीने विचारले. ते होते विम्टो. गोड, किंचित आंबट, मागे मसाल्याची चव. मी दुसरा पेला मागून घेतला. मामा म्हणाला, "रमजानात बघ, दुकानांत याच्या बाटल्यांचे डोंगर रचलेले असतात. रोजा सोडताना हे हवेच."

मला वाटले, हे अरबांचे पिढीजात पेय. पुढे माहिती काढली तेव्हा चकित झाले. विम्टो 1908 साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे जॉन नोएल निकल्स यांनी तयार केले. द्राक्षे, रासबेरी, ब्लॅककरंट आणि मसाले यांचा तो अर्क. शक्तिवर्धक म्हणून विकला गेला. पुढे तो आखातात पोहोचला आणि 1979 पासून सौदी अरेबियातच त्याच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. म्हणजे पेय परके. पण त्या लोकांनी ते आपल्या सणाच्या ताटाशी मानाने मांडले आणि ते त्यांचे झाले.

आणि आपण? येथे मला एक कबुली द्यायची आहे. एफ.वाय.ला असताना वर्गातल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. आईने स्टीलच्या पेल्यांतून कोकम सरबत आणले. मी घाईने म्हटले, "राहू दे गं ते," आणि भावाला कोल्ड्रिंकची बाटली आणायला पिटाळले. आई काही बोलली नाही. भरलेले पेले तसेच आत घेऊन गेली.

वैशाखात आई रातांबे फोडते, साली साखरेत भरून बरणी उन्हात ठेवते, रोज हलवते. त्या श्रमाची लाज मला कॉलेजात आल्यावरच का वाटावी? शिक्षणाने हेच शिकवले काय?

कोणी म्हणेल, बाटलीबंद पेय गावोगाव मिळते, टिकते; कोकम मागे पडले ते व्यापारात. खरे आहे. पण व्यापाराचा प्रश्न दुकानातला. माझ्या घरी, माझ्याच आईच्या हातातला पेला मी परत पाठवला, तो कोणत्या व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून? परक्या पेयाशी माझे भांडण नाही. विम्टो मला आजही आवडते. परके आपलेसे करण्यात कमीपणा नाही. आपले परके करण्यात मात्र आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक सूचना. येत्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हाती बाटल्यांऐवजी कोकम सरबत द्यावे. पेले स्टीलचे असले तरी चालतील. कोकम माझ्या घरून येईल. आईला मी विचारले आहे. ती हसली आणि एवढेच म्हणाली, "किती माणसांचे करू?"