खुर्ची विकता ना, मग सावलीही सांगा

नवीन स्टेडियम झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न कुठला येतो? "कुणाकडून पास मिळेल का रे?" तिकीट कितीला आहे, कुठल्या बाजूने चांगलं दिसतं, दुपारी ऊन कुठून येतं, हे प्रश्न नंतरचे. बहुतेक वेळा ते येतच नाहीत. कारण पास मागणाऱ्याने खुर्ची निवडायची नसते, मिळेल तिथे बसायचं असतं. आणि फुकट बसलेल्या माणसाने "इथे ऊन लागतंय हो" अशी तक्रार करायची म्हणजे जरा जास्तच!

तर मुद्दा असा की, आपली स्टेडियमं उन्हात भाजून काढतात याचं मोठं कारण हा पास आहे असं माझं ठाम मत आहे. पैसे मोजून, नकाशा बघून, अख्ख्या सीझनची एकच खुर्ची घेणारा प्रेक्षक आपल्याकडे जवळजवळ नाही. असा प्रेक्षक उद्या परत त्याच खुर्चीत येणार असतो, म्हणून त्याला उत्तर द्यावं लागतं. पासवाल्याला कोण उत्तर देतो?

अमेरिका-कॅनडात बर्फावरची हॉकी बघणाऱ्यांची गोष्ट बघा. तिथल्या मोठ्या लीगमध्ये एका संघाचे घरच्या मैदानावर चाळीसच्या वर सामने होतात, आणि त्या सगळ्यांचं मिळून एक सीझन तिकीट निघतं. माणसं वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसतात. शेजारच्याची मुलं त्यांच्यासमोर लहानाची मोठी होतात. मग एक दिवस संघ नवीन, चकचकीत अरिनात जायचं ठरवतो आणि जुन्या रांगेची सगळी घडी विस्कटते. अशा वेळी क्लब सहसा जुन्या तिकीटधारकांना आधी बोलावतो. ज्याचं तिकीट जुनं त्याची पाळी आधी. समोर आराखडा ठेवतात आणि म्हणतात, निवडा. मग कुणी मध्यरेषेजवळ उंचावर जातो, कुणी गोलच्या मागे काचेला चिकटून, आणि कुणी म्हणतो मला खेळ कसाही दिसू दे, पण शेजारी तेच जुने हवेत. यात पैशाचा धंदा आहेच, नाही कोण म्हणतो? पण त्या धंद्यात प्रेक्षकाला विचारणं आलं. आपल्याकडे नेमकं तेच गळून पडलंय.

गंमत म्हणजे खुर्च्यांवरून भांडायची परंपरा आपली फार थोर आहे! मुंबईतलं वानखेडे स्टेडियम कशामुळे उभं राहिलं माहितीये ना? सामन्याची किती तिकिटं, किती जागा कुणाला, यावरून ब्रेबॉर्न स्टेडियमचा मालक असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन यांच्यात वर्षानुवर्षं बिनसलेलं होतं. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी ब्रेबॉर्नपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर दुसरं स्टेडियमच बांधून घेतलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्धची पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ ठोकल्या. म्हणजे खुर्च्यांच्या वाटणीपायी एका शहरात दोन कसोटी मैदानं. पण हे भांडण संस्था-संस्थांमधलं होतं. रांगेत उभा राहणारा माणूस त्यात कुठेच नव्हता. २ एप्रिल २०११ ला त्याच वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल झाली, तेव्हा साधारण ३३,००० खुर्च्यांपैकी जेमतेम ४,००० सर्वसामान्य लोकांसाठी विक्रीला होत्या. बाकीच्या संलग्न क्लब, आयसीसी, पाहुणे वगैरे. आता सांगा, आठातली एक खुर्ची ज्याच्या वाट्याला येते, तो सावली मागणार की दिसेल ते तिकीट हिसकावून घेणार?

बरं, मराठी माणसाला खुर्ची निवडता येत नाही असंही नाही हं. नाटकाच्या तिकीट खिडकीवर जाऊन बघा. तिसऱ्या-चौथ्या रांगेतली मधली मिळाली तर उत्तम, फार पुढे नको, मान दुखते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर कडेची, म्हणजे मध्यंतरात उठता येतं. हे ज्ञान कुणी शिकवलेलं नाही. एकाच नाट्यगृहात शंभर वेळा जाऊन आलेलं आहे.

स्टेडियमचंही तसंच असतं, फक्त प्रत्येक खेळाची 'चांगली खुर्ची' वेगळी. आपल्या हॉकीत चेंडू सगळा वेळ टर्फला चिकटून पळतो, त्यामुळे मधोमध आणि थोडं उंचावर बसलात तर पास कुणीकडे चाललाय ते कळतं. अगदी खाली बसलात तर नुसते पाय दिसतात. क्रिकेटमध्ये बाउंड्रीजवळची महागडी खुर्ची फोटोला छान, पण चेंडू किती वळला हे बघायचं तर बोलरच्या हाताच्या रेषेतच बसायला पाहिजे. आमच्या बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगरने २००२ साली हेडिंग्लेला काढलेल्या ६८ धावा आठवा. आडव्या बाजूने बघणाऱ्याला ती खेळी रटाळ वाटली असेल. साइटस्क्रीनच्या बाजूने बघणाऱ्याला मात्र कळलं असणार, की ढगाळ हवेत हलणारा चेंडू सोडून देणं हीच तिथली फलंदाजी होती. आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पळणार असेल, तर मी शेवटच्या रेषेपाशी बसणार नाही. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये पाण्याचा अडथळा सात वेळा येतो. पायात गोळे आलेले असताना कोण कसा उतरतो, हे तिथेच दिसतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं होतं. असा फरक शेवटच्या रेषेवर मोजला जातो, पण तयार आधीच कुठेतरी होत असतो.

ही झाली नजरेची गोष्ट. आता उन्हाची.

आमच्याकडे जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. तिथे ना खुर्ची, ना नंबर. पण नीट बघितलं तर जुनीजाणती माणसं बरोबर एकाच अंगाला बसलेली दिसतात, मावळतीकडे पाठ करून. कुस्त्या दुपारनंतरच्या, त्यामुळे ऊन पाठीवर येतं आणि डोळ्यावर येत नाही. मोठ्या कुस्त्या शेवटी, सूर्य कलल्यावर. नवखी पोरं आखाड्याच्या पलीकडे बसतात आणि ऐन निकालाच्या कुस्तीला कपाळावर हात धरून बघतात. बीडच्या माणसाला दुष्काळाने आणि उन्हाने बाकी काही दिलं नसेल, पण सावली कधी कुठे सरकते याचं गणित मात्र चोख दिलंय.

हेच गणित स्टेडियमला लावा. खेळपट्टी साधारण दक्षिणोत्तर आखतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाही. चांगली गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ असा, की पूर्वेकडच्या स्टँडमधला माणूस पश्चिमेकडे तोंड करून बसतो आणि दुपारभर सूर्य त्याच्या थेट डोळ्यांत असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे आपल्या कसोट्यांच्या महिन्यांत, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून उत्तरेकडचा उघडा स्टँड जवळजवळ दिवसभर भाजतो आणि दक्षिणेकडचा सुखात असतो. पश्चिमेला सकाळी त्रास, पण दुपारी आराम. पुण्यात ऑक्टोबरच्या शेवटी दुपारी साडेतीनला सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंशांवर असतो. म्हणजे भिंतीची सावली उंचीच्या दीडपट. २० मीटर उंच पाठ असेल तर ३० मीटर सावली. आणि ही सावली सगळ्यात आधी कुणाला मिळते? सगळ्यात मागच्या, वरच्या रांगेला. ज्या रांगेला आपण 'लांबची' म्हणून नाक मुरडतो तिला!

हे सगळं गहुंजेला फार महत्त्वाचं आहे. एक्स्प्रेसवेच्या कडेचं हे स्टेडियम २०१२ साली सुरू झालं. आराखडा इंग्लंडच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सचा, दिसायला झकास, पण प्रेक्षकांच्या मोठ्या भागावर छप्पर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी उघड्यावर बसलेल्या लोकांचे पिण्याच्या पाण्यावाचून हाल झाले आणि असोसिएशनला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पाणी दुसऱ्या दिवशी आणता येतं. छप्पर नाही आणता येत.

कसोटीला आपल्याकडे सीझन तिकीट म्हणजे पाच दिवसांचं एकत्र तिकीट. गहुंजेच्या पहिल्या तीन कसोट्यांचा हिशोब मजेशीर आहे. फेब्रुवारी २०१७ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची तीन दिवसांत संपली. स्टीव्ह ओकीफने ७० धावांत १२ बळी घेतले आणि आपण ३३३ धावांनी हरलो. ऑक्टोबर २०१९ ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची चार दिवस चालली, कोहलीने नाबाद २५४ काढल्या. २०२४ ची न्यूझीलंडविरुद्धची पुन्हा तीन दिवसांत, सँटनरचे १३ बळी. म्हणजे पंधरा दिवसांपैकी दहाच दिवस क्रिकेट. तीनदा सीझन तिकीट घेणाऱ्याने एक तृतीयांश दिवसांचा जुगार हरलेला आहे. खेळ किती दिवस चालेल हे कुणाच्याच हातात नाही, ते मान्य. पण जे हातात आहे, म्हणजे तुमच्या खुर्चीवर दुपारी दोनला ऊन असेल की सावली, ते तरी सांगाल की नाही?

आणि हे सांगणं अवघड मुळीच नाही. स्टेडियमचे अक्षांश-रेखांश माहीत आहेत, भिंतींची उंची माहीत आहे, तारीख-वेळ माहीत आहे. सूर्याची जागा काढायची सूत्रं जगजाहीर आहेत. कुठल्याही स्टँडचा तासातासाचा सावलीचा नकाशा बनवणं हे एका प्रोग्रामरचं शनिवार-रविवारचं काम आहे. तिकीट काढताना आपण खुर्चीवर क्लिक करतो तेव्हा किंमत दिसते, रांग दिसते. तिथेच एक ओळ यायला काय हरकत आहे: 'सावली दुपारी पावणेतीनपासून, समोर खांब नाही, पिण्याचं पाणी चाळीस पावलांवर'? औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहावं लागतं, मग हजारो रुपयांच्या खुर्चीवर का नको?

माझा एक मित्र म्हणतो, "अरे, हल्ली सगळ्या मॅच रात्रीच्या, सावली कशाला पाहिजे?" आयपीएलपुरतं बऱ्याच अंशी खरंय. पण १९ ऑक्टोबर २०२३ ची भारत-बांगलादेश वर्ल्ड कपची मॅच गहुंजेलाच दुपारी दोनला सुरू झाली होती. सूर्य मावळेपर्यंत चार तास. दुसरा म्हणतो, "टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं." दिसतं की. जेवणही घरी जास्त चांगलं मिळतं, म्हणून आपण लग्नाला जायचं थांबलो का?

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. सीझन तिकीट म्हणजे पैसेवाल्यांचं काम, त्यात सामान्य माणसाचं काय? म्हणून तर माहिती हवी. पैसेवाल्याला छपराखालचा बॉक्स मिळतोच, त्याला सावलीचा नकाशा लागत नाही. तो लागतो स्वस्तातल्या खुर्चीवाल्याला, कारण स्वस्त खुर्च्यांमध्येही भाजणाऱ्या आणि न भाजणाऱ्या अशा दोन जाती असतात आणि आज दोन्ही एकाच भावाने, काही न सांगता विकल्या जातात.

कल्पना करा, बीडचा सचिन धस उद्या गहुंजेला भारताकडून कसोटी खेळतोय. ६ फेब्रुवारी २०२४ ला अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ९६ काढणारं पोरगं, अशक्य थोडंच आहे? साडेनऊचा पहिला चेंडू बघायला बीडहून लोक पहाटे तीनला गाड्या काढतील. अडीचशे किलोमीटरचा प्रवास, बरोबर शाळकरी पोरं, धोतर-टोपीतले आजोबा. यांच्याकडे कुणाचा पास नसणार. नकाशावर जे हिरवं दिसेल ते तिकीट काढून ते येणार. त्यांना उत्तरेच्या उघड्या स्टँडमध्ये दिवसभर बसवायचं की दक्षिणेला, हा निर्णय त्यांचा असायला हवा. आणि निर्णय त्यांचा असायचा तर माहितीही त्यांच्याकडे हवी.

तोवर आपल्या हातात काय आहे? एक म्हणजे पुढच्या वेळी कुणी पास देऊ केला तर नम्रपणे नको म्हणायचं आणि तिकीट काढायचं. दुसरं, तिकीट काढताना दिशा बघायची, रांग बघायची आणि बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे तेही बघायचं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकणाऱ्याला विचारायचं, लेखी विचारायचं, दर वेळी विचारायचं: ऊन कधी, सावली कधी, पाणी कुठे? एकाने विचारलं तर तो खवट माणूस ठरतो. पाच हजार जणांनी विचारलं तर पुढच्या स्टेडियमच्या आराखड्यात छप्पर येतं.