पैसे ‘अडकले’ नाहीत

कसाऱ्याकडे जाणारी लोकल खर्डी सोडून उंबरमाळीला थांबते, तेव्हा डब्यात मोजकीच माणसे उरलेली असतात. अध्यापनाच्या निमित्ताने या मार्गावर वर्षानुवर्षे ये-जा करताना उंबरमाळीच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांशी आमचा स्नेह जुळला. गुरुजी आयुष्यात एकदाच विमानात बसले. परंतु एका बंद पडलेल्या विमान कंपनीचे समभाग त्यांच्या डीमॅट खात्यात अजूनही आहेत. कंपनी कोणती, हे येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे आहे ते त्यांचे एक वाक्य, जे आम्ही अनेकदा ऐकले आहे: “सर, पैसे अडकलेत थोडे. विमान परत उडालं की मोकळे होतील.”

या वाक्याला हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. गुरुजींच्या आशेला आधार आहे. डिसेंबर २०१४ मध्ये स्पाइसजेटची विमाने इंधनाच्या थकबाकीपायी जमिनीवर खिळली होती. २०१५ च्या आरंभी अजय सिंग यांनी कंपनी पुन्हा हाती घेतली आणि पुढील तीन वर्षांत समभागाचा भाव अनेक पटींनी वाढला. ती कंपनी पुढे पुन्हा अडचणीत आली, हा भाग वेगळा. परंतु भिऊन विकणारे हळहळले आणि धरून बसणारे शहाणे ठरले, ही कथा बाजारात कायमची राहिली. छोट्या गुंतवणूकदाराच्या आशेला असे एक खरे उदाहरण पुरते.

दुसरी उदाहरणे मात्र कोणी सांगत नाही. लहान शहरांना जोडणाऱ्या एअर डेक्कनने आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आपले बोधचिन्ह म्हणून मिरवला. २००६ साली तिचे समभाग १४८ रुपयांना विकले गेले आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव त्याखाली गेला. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने १५५ रुपये भावाने २६ टक्के हिस्सा घेतला आणि नियमानुसार जनतेलाही त्याच भावाने विक्रीचा प्रस्ताव दिला. थोड्याशा नफ्यासह बाहेर पडण्याचे दार काही काळ उघडे होते. परंतु ‘आता श्रीमंत मालक आला’ असे वाटून जे थांबले, त्यांच्या हाती पुढे किंगफिशरचे समभाग आले. २०१२ मध्ये ती विमाने थांबली आणि २०१८ मध्ये समभाग बाजाराच्या यादीतूनही गेला.

जेट एअरवेजची कथा याहून लांबलेली. २००५ मध्ये ११०० रुपयांना विकलेला समभाग. १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे बंद. जूनमध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. २०२१ मध्ये पुनरुज्जीवनाच्या योजनेला मंजुरी. आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा अवसायनाचा आदेश. मधल्या साडेपाच वर्षांत ‘विमान पुन्हा उडणार’ अशी बातमी आली की भाव उसळे आणि कोणीतरी नवा गुरुजी तो समभाग घेई.

येथे आमचा मुद्दा आहे. विमान पुन्हा उडणे आणि समभागाला किंमत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमान कंपनीची बहुतेक विमाने भाड्याची असतात. कंपनी थांबली की मालक ती घेऊन जातात. इंधनाचे आणि भाड्याचे गणित डॉलरशी बांधलेले, तिकीट मात्र रुपयांत. मागे उरते ते नाव, थोडी मालमत्ता आणि कर्जाचा डोंगर. अवसायनात त्या मालमत्तेचे पैसे कोणाला, हे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ ठरवते: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणधारक धनको व कामगार, मग इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, उरलेले धनको, अग्रहक्क भागधारक आणि सर्वांत शेवटी समभागधारक. कंपनी तगली तरीही जुना समभाग तगेलच असे नाही. डीएचएफएलच्या बाबतीत २०२१ मध्ये नवा मालक आला, धंदा चालू राहिला, आणि जुन्या भागधारकांच्या वाट्याला शून्य आले. ‘समभाग’ या शब्दातील समता रांगेत कोठेच नसते.

मग गुरुजींसारख्या विचारी माणसाची चूक कोठे होते? आमच्या मते ती ‘अडकले’ या क्रियापदात आहे. आपल्याकडच्या मध्यमवर्गाने पैशाचे व्यवहार पतपेढीत आणि बँकेत शिकले. तेथे आपण ठेवीदार असतो, म्हणजे धनको. पतपेढी अवसायनात निघाली तर पैसे खरोखरच अडकतात. ते आपले येणे असते आणि मोर्चा काढून मागता येते. समभाग हे येणे नव्हे. ती धंद्यातली भागी आहे. धंदा बुडाला की भागही बुडाला. बुडालेल्याला ‘अडकलेला’ म्हटले की त्याच्या सुटकेची वाट पाहणे आपोआप आले.

उंबरमाळीवरून जाणारा हा लोहमार्ग ज्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने बांधला, तिच्या भागधारकांना १८४९ च्या करारान्वये पाच टक्क्यांची हमी होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे येथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातूनही, भरली जाई. तो समभाग नावाचाच. वस्तुतः ती ठेव होती. गुरुजींच्या समभागामागे अशी हमी कोणाचीच नाही, आणि नसावीही. पण हमी नाही, हे त्यांना त्यांच्या भाषेत स्पष्ट सांगितले जावे, एवढे तरी मागता येईल.

न्यायाधिकरणाचे आदेश इंग्रजीत, योजनांची शेकडो पाने इंग्रजीत. मराठीत पोहोचते ती भाव उसळल्याची बातमी. आम्ही मराठीचे प्राध्यापकही यातून सुटत नाही. शब्दांच्या छटा शिकवण्यात आमची हयात जाते. पण पैशाचा विषय आला की तो आपला प्रांत नव्हे, असे म्हणून आम्ही मोकळे होतो. ‘ठेव’ आणि ‘भाग’ यांतला फरक हा अर्थशास्त्राइतकाच भाषेचाही प्रश्न आहे.

मागील खेपेस गुरुजींनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, तेव्हा आम्ही प्रथमच त्यांना थांबवले आणि ही रांग कागदावर उतरवून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. “म्हणजे आपण सगळ्यात मागे,” ते म्हणाले, आणि कागद खिशात ठेवला. हे त्यांना समभाग घेण्यापूर्वी कळायला हवे होते.