फांद्या छाटल्या, ढीग रस्त्यावर. सायकलवाल्याने जायचे कुठून?

तळोजा : मृग जवळ आला की तळोज्यात छाटणी सुरू होते. सोसायट्या आपल्या कुंपणातली झाडे छाटून घेतात, विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्या तोडल्या जातात, रस्त्याकडेचे गुलमोहर हलके केले जातात. काम गरजेचेच आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात किती झाडे लोळवली, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. प्रश्न आहे तो छाटणीनंतरचा. फांद्या रस्त्याच्या डाव्या कडेला ओढून ठेवायच्या, "गाडी येईल, उचलेल" म्हणायचे आणि निघून जायचे. गाडी कधी दुसऱ्या दिवशी येते, कधी आठवड्याने.

कारवाल्याचे त्यात फारसे बिघडत नाही, तो जरा स्टिअरिंग फिरवतो. पण डावी कडा ही सायकलवाल्याची जागा. आणि तळोज्यातला सायकलवाला म्हणजे रविवारी हेल्मेट घालून निघणारा हौशी माणूस नव्हे. तो एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार आहे. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरची मेट्रो पेंधरपर्यंत आली, चांगलेच झाले. पण पेंधरवरून कारखान्याच्या गेटपर्यंत मेट्रो जात नाही. तिथे सायकल, नाहीतर पायपीट. रस्त्यावर सोबतीला कोण, तर टँकर, ट्रेलर आणि कंटेनर.

आता बघा काय होते. पुढे ढीग दिसला की सायकल उजवीकडे वळते, तेही मागे न बघता, कारण सायकलला आरसा नसतो. मागून येणाऱ्या ट्रेलरच्या चालकाला ती ऐनवेळी समोर दिसते. रात्रपाळी असेल आणि खांबावरचा दिवा बंद असेल, तर ढीग तरी कुठे दिसतो? पहिल्या पावसानंतर पाला कुजून निसरडा होतो, खाली गटाराची जाळी आहे की नुसते भोक, तेही कळत नाही. बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले तर स्वस्तात सुटलो म्हणायचे. अपघात झालाच तर बोलणे धडक देणाऱ्या गाडीचेच होते. ढीग तोपर्यंत उचललेला असतो.

नियम नाहीत असे नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की बागेचा कचरा ज्याचा त्याने आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि पालिका सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची. रस्त्यावर टाकायचा नाही, जाळायचाही नाही. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने रस्त्यावर घाण करणाऱ्यांना जागेवरच दंड लावला, मोठ्या महापालिकांत १८० रुपये आणि छोट्या महापालिकांत १५०. पण ट्रकभर फांद्या उचलून न्यायला टेम्पोवाला किती घेतो, ते विचारून पाहा. दीडशे रुपये भरणे केव्हाही स्वस्त.

खरी अडचण अशी की हे सगळे नियम ढिगाकडे घाण म्हणून बघतात, धोका म्हणून नाही. सायकलवाला त्यात कुठेच नाही. धोक्याचा कायदा वेगळाच आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा किंवा धोका निर्माण करणाऱ्याला जुन्या भारतीय दंड संहितेत कमाल २०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये तो ५,००० रुपयांपर्यंत गेला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो आदेश फांद्यांच्या ढिगाचा नाही, हे खरे. पण सायकलवरून पडणाऱ्याला खड्डा काय आणि ढीग काय.

गंमत म्हणजे याच मातीत पाल्याला कधी कोणी कचरा म्हटले नव्हते. भातशेती होती तेव्हा कवळ तोडून, पाला-काटक्या पसरून राब भाजायचे; लोक पाल्यासाठी रान धुंडाळत. शेती गेली, तळोजा फेज १ आणि फेज २ उभे राहिले आणि तोच पाला नकोसा झाला. राब पुन्हा भाजा असे कोणी म्हणणार नाही, धुराची आपल्याकडे कमी नाही. पण फांद्या यंत्राने बारीक करून खत करता येते आणि सोसायटीच्या कोपऱ्यात खड्डाही खणता येतो.

ही डोकेदुखी फक्त आपलीच नाही. अमेरिकेतल्या डेव्हिस या सायकलींच्या शहरात लोक बागेचा पाला रस्त्यावर ढीग करून ठेवत आणि पालिकेची गाडी तो नेई. तिथेही तक्रारी झाल्या. ढिगाला मापाची मर्यादा घातली आणि सायकलींच्या पट्ट्यात ढीग नको, असा नियम केला.

आपल्याकडे तेवढा पट्टाच नाही. शिवाय रस्ता एकाचा, झाड दुसऱ्याचे, तार तिसऱ्याची. पनवेल महापालिका, सिडको, एमआयडीसी, महावितरण, सगळे इथे आहेत. म्हणून सुरुवात परवानगीपासून व्हावी. झाड छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याच कागदावर "ज्या दिवशी छाटणी, त्याच दिवशी अंधार पडायच्या आत उचल" ही अट घालता येईल आणि उचलण्याचा खर्च ठेक्यातच धरता येईल. सरकारी छाटणीलाही तीच अट हवी.

तोवर ढीग दिसला तर तक्रारीत "कचरा पडला आहे" एवढेच लिहू नका. "रस्त्यावर अडथळा, अपघाताचा धोका" असे लिहा, खांबाचा नंबर द्या, फोटो जोडा आणि एक प्रत वाहतूक पोलिसांना पाठवा.