पासपोर्टवाले, रेशनकार्डवाले आणि आमच्या सोसायटीचं गेट

गेल्या शनिवारी एका मित्राकडे जमलो होतो. मिसळ झाली, ताक झालं आणि गप्पा फिरत फिरत २०२० वर आल्या. कोणाला डालगोना कॉफी आठवली, कोणाला गॅलरीतल्या थाळ्या. मग आमच्यातला एक जण (नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे) माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काही म्हणा, तुम्ही बाहेरच्या लोकांनीच आणला तो इकडे. जिथे होतात तिथेच गप बसायचं ना!"

सगळे हसले. मीही हसलो. परत येताना गाडीत बायको म्हणाली, "तू का हसलास?" उत्तर सुचलं नाही. आज रविवार आहे, चिरंजीव झोपलेत, लेक क्लासला गेलीये. तेव्हा म्हटलं, उत्तर लिहूनच काढू.

आधी माझी केस सांगतो. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीत माझी नोकरी गेली. एच-१बी वाल्यांना माहीत आहे, नोकरी गेली की ६० दिवस. तेवढ्यात दुसरी मिळवा नाहीतर गाशा गुंडाळा. नोकरी मिळायची शक्यता शून्य होती. त्यातच पुण्यात बाबांना अर्धांगाचा झटका आलेला. म्हणजे आम्हाला यायचंच होतं, आणि अमेरिकेलाही आम्ही जायलाच हवे होतो. असं एकमत दोन देशांत क्वचितच होतं!

पण भारताचं दार बंद होतं. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली होती. परदेशात असलेल्या भारतीय नागरिकाला स्वतःच्या देशात यायचा रस्ताच नव्हता. हे साडेसहा आठवडे चाललं. ७ मे ला 'वंदे भारत' सुरू झालं तेव्हा हायसं वाटलं, पण त्यात आमचं घोडं पेंड खायला लागलं. मी भारतीय, बायको भारतीय, दोन वर्षांची लेक मात्र तिथे जन्मली म्हणून अमेरिकन पासपोर्टवाली. तिच्याकडे ओसीआय कार्ड होतं, पण त्यावरचा प्रवास स्थगित केलेला. म्हणजे आई-बाप विमानात बसू शकतात, पोर नाही. आता दोन वर्षांच्या पोरीला काय नेवार्कच्या विमानतळावर लॉकरमध्ये ठेवायचं? अनेक कुटुंबांची हीच गत होती. ओरड झाली आणि २२ मे ला अशा लहान मुलांना सवलत मिळाली. माणशी लाखाच्या आसपास तिकीट काढून जूनमध्ये आम्ही मुंबईत उतरलो.

इथपर्यंत मी तक्रार करत नाहीये, हे लक्षात घ्या. साथ होती, कोणालाच काही कळत नव्हतं, नियम रोज बदलत होते. रिलीजच्या आदल्या रात्री रिक्वायरमेंट बदलल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. माझी तक्रार पुढची आहे.

केंद्राच्या २४ मेच्या सूचनांप्रमाणे परदेशातून आलेल्याने सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात आणि सात दिवस घरी काढायचे होते. पण गंभीर आजार, गरोदरपण, घरातला मृत्यू किंवा सोबत दहा वर्षांखालचं मूल असेल तर चौदाही दिवस घरीच काढायची परवानगी मिळू शकत होती. आम्हाला ती मिळाली. आई-बाबा राहतात त्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावर माझा स्वतःचा रिकामा फ्लॅट आहे. हप्ते मी भरतो, मेंटेनन्स मी भरतो. तिथे राहायचं, आई-बाबांच्या जवळही जायचं नाही, असं ठरलेलं. हातावर शिक्का, खिशात कागद, सगळं रीतसर.

पहाटे साडेतीनला टॅक्सी गेटवर आली आणि वॉचमन काका म्हणाले, "साहेब, आत सोडायचं नाही असं सांगितलंय."

कमिटीने आदल्या रात्री ठराव केला होता म्हणे. सेक्रेटरी काकांना फोन लावला. हेच काका दर दिवाळीत फोन करून "सोलरसाठी काहीतरी बघा हं, तुम्ही एनआरआय मंडळी" म्हणायचे. २०१८ च्या गणपतीत यांनीच मला शाल-नारळ दिला होता. ते म्हणाले, "समजून घ्या. ज्येष्ठ नागरिक आहेत इथे. चौदा दिवस कुठेतरी हॉटेलात काढा." म्हटलं, काका, सरकारचा कागद आहे. म्हणाले, "सरकारचं सरकारपाशी. सोसायटीचे नियम वेगळे."

दोन तास आम्ही गेटबाहेर होतो. लेक बॅगेवर झोपली. टॅक्सीवाला बिचारा थांबून राहिला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दिवा लागला. आईने बाबांची चाकाची खुर्ची कठड्यापाशी आणली आणि दोघं वरून बघत राहिले. शेवटी गस्तीवरच्या एका हवालदारांनी कागद वाचला, सेक्रेटरींना फोनवर चार शब्द सुनावले आणि गेट उघडलं.

बाबा पुढच्या वर्षी गेले. त्या पहाटेबद्दल ते कधीही बोलले नाहीत. पण बरं वाटायला लागल्यावरही खाली कट्ट्यावर जायचं नाव त्यांनी काढलं नाही. तीस वर्षं त्या कट्ट्यावर बसलेला माणूस.

असो. आता मुद्द्याकडे येतो.

'तुम्हीच आणला' या वाक्यात तथ्य आहे का? आहे. विषाणू काही पोहत आला नाही, विमानातूनच आला. पासपोर्टवाल्यांनी आणला आणि रेशनकार्डवाल्यांनी भोगला, असं तेव्हा लोक म्हणायचे, त्यातली वेदना खरीच होती. पण आणला म्हणजे गुन्हा केला का? महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. दुबईची सहल करून १ मार्चला परतलेलं जोडपं. तेव्हा विमानतळावर तपासणी ठराविक देशांतून येणाऱ्यांचीच होती आणि दुबई त्या यादीत नव्हतं. सगळ्याच आंतरराष्ट्रीय प्रवाशांना तपासायचं ठरलं ४ मार्चला. अमिराती, कतार, ओमान, कुवेतहून येणाऱ्यांना सक्तीचं विलगीकरण लागू झालं १८ मार्चपासून. मग त्या जोडप्याने करायला काय हवं होतं? आमच्या धंद्यात फॉर्मला व्हॅलिडेशन लावलं नाही आणि चुकीचा डेटा आत आला, तर शिव्या युजरला घालत नाहीत, फॉर्म लिहिणाऱ्याला घालतात. इथे मात्र यंत्रणेची चूक माणसाच्या माथी मारली, आणि ती त्याच्या हातावर शाईने उमटवली. १८ मार्चला जर्मनीहून आलेल्या चौघांना हातावरचे शिक्के बघून पालघरला गाडीतून उतरवलं होतं, आठवतंय? घरी विलगीकरणात राहायला सांगितलेलं असताना त्यांनी रेल्वेतून प्रवास करायला नको होता, हे मान्य. पण विमानतळापासून त्यांच्या घरापर्यंत कसं जायचं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं का?

आता माझ्याच जमातीकडे वळतो, नाहीतर हे नुसतं रडगाणं होईल.

मार्चच्या शेवटी मी न्यू जर्सीत सोफ्यावर बसून बातम्या बघत होतो. २४ मार्चला रात्री आठला घोषणा आणि मध्यरात्रीपासून देश बंद. चार तासांची नोटीस! आणि मग हायवेवरून चालत निघालेली ती माणसं. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी तेव्हा काय लिहिलं होतं, ते परवा जुनी चॅट उघडून बघितलं. "यांना अडवत का नाहीत? गावोगाव पसरवतील." खाली माझंच नाव. अंगठे पाच.

वाचून पोटात गोळा आला. माझ्या सेक्रेटरी काकांचं वाक्य आणि माझं वाक्य, फरक काय? दोन महिन्यांनी मला गेटवर अडवलं तर अन्याय, आणि त्यांना राज्याच्या सीमेवर अडवलं तर सार्वजनिक आरोग्य?

७ मे २०२० च्या रात्री दहाच्या सुमारास 'वंदे भारत'चं पहिलं विमान अबुधाबीहून कोचीत उतरलं. मी लाइव्ह बघत होतो, डोळ्यात पाणी आलं होतं. त्यानंतर काही तासांनी, ८ मेच्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात (आता छत्रपती संभाजीनगर) करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातले. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत असं समजून रुळांवरच झोपले. दुसऱ्या दिवशी रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्या देशाने बघितले. त्यांनाही घरीच जायचं होतं. मलाही घरीच जायचं होतं. माझ्यासाठी फॉर्म होता, दूतावास होता, ओरड करायला ट्विटर होतं. त्यांच्यासाठी रूळ होते.

आणि हक्काचं म्हणाल तर दोघांचा सारखाच. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, तेराव्या कलमात, आपल्या देशात परतण्याचा हक्क लिहिलाय. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमात देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क आहे. त्यावर सार्वजनिक हितासाठी वाजवी बंधनं घालता येतात, तेही तिथेच लिहिलंय. म्हणजे 'थांब, तपासतो, चौदा दिवस वेगळा राहा, मग ये' हे चालेल. 'येऊच नको' हे चालणार नाही. सगळा फरक एवढाच आहे, आणि २०२० मध्ये आपण वरपासून खालपर्यंत तोच विसरलो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की अहो, लोक मरत होते, भीती खरी होती. होतीच. बाबांना काही झालं असतं तर, या विचाराने मी विमानात चौदा तास डोळा मिटला नाही. पण भीतीने काय करायचं ते आपण निवडतो. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं 'वंदे भारत'चंच विमान कोझिकोडच्या धावपट्टीवरून घसरून खाली कोसळलं. आपले कॅप्टन दीपक साठे त्यात गेले, एकूण एकवीस जण गेले. भर पावसात, रात्री, आसपासच्या वस्तीतले लोक धावत आले आणि जखमींना उचलून, मिळेल त्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. परदेशातून आलेले प्रवासी, कोण पॉझिटिव्ह माहीत नाही. त्यांनी शिक्का आहे का ते विचारलं नाही. नंतर त्या लोकांना विलगीकरणात जावं लागलं, ते गेले. भीती त्यांनाही असणारच की!

उलट, मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतातून येणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना बंदी घातली. मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६ हजार डॉलरपर्यंत दंड. तेव्हा आपण सगळे खवळलो. वंशवाद, माणुसकी, सगळं आठवलं. पण २०२० च्या गणपतीत मुंबईच्या चाकरमान्याला कोकणातल्या स्वतःच्याच गावात येऊ द्यायचं की नाही यावर भांडणं चालली होती, तेव्हा कोणाला कॅनबेरा आठवलं नव्हतं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. माझ्या एनआरआय मित्रांनो, हॉटेलचं बिल आणि हातावरचा शिक्का यावर अजून गळे काढणं बंद करा. तो अपमान नव्हता, ती खबरदारी होती, आणि आपल्याला ती परवडत होती. आणि माझ्या सोसायटीकर मित्रांनो, गेट बंद करणं ही खबरदारी नव्हती. पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, पण वार्षिक सभा दरवर्षी येते. यंदाच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. ज्याचं घर इथे आहे त्याला गेटवर कोणीही अडवणार नाही. क्लबहाउस विलगीकरणासाठी राखीव. आणि वॉचमन, सफाईवाले, कामाच्या मावशी यांना गावी जायचं असेल तर जाण्याचा खर्च आणि त्या काळाचा पगार सोसायटीचा.

हे शेवटचं का, ते सांगतो. त्या पहाटे आम्ही गेटबाहेर उभे असताना वॉचमन काकांनी आपली खुर्ची आणि पाण्याची बाटली बाहेर आणून ठेवली. बायकोने विचारलं, "काका, तुमचं गाव कुठलं?" म्हणाले, "लातूरकडचं." मार्चपासून ते त्या केबिनमध्येच राहत होते. मला दोन तास बाहेर ठेवलं त्याचा राग मी एवढी वर्षं जपला. त्यांना तीन महिने आत ठेवलं होतं, त्याबद्दल मी त्या दिवशी काहीही बोललो नाही. आपल्या फ्लॅटची किल्ली फिरवली आणि आत गेलो.

तुमच्याही सोसायटीचा ग्रुप असेल. मार्च ते जून २०२०, वर स्क्रोल करून बघा. कोणी काय लिहिलं होतं, आणि अंगठा कोणी दिला होता.