लग्न हा पाळीवरचा उपाय नव्हे

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या एकीला एक लागून आहेत. तात्यापारा, बुढापारा भागातल्या मराठी घरांची लग्नाची खरेदी बहुधा इथेच होते. मंगळसूत्राच्या वाट्या पसंत करता करता नवऱ्या मुलीच्या तब्येतीचा विषय निघतो, आवाज खाली येतात आणि एखाद्या काकू निर्वाळा देतात, "पाळीचं काय घेऊन बसलात? लग्न झालं की सगळं मार्गी लागतं. एक मूल झालं की बघायलाच नको." सल्ला मायेचा असतो, म्हणून मुलीची आई तो मानते आणि डॉक्टरकडे जाणं वर्षभर पुढे ढकलते. माझा या सल्ल्याला पूर्ण विरोध आहे.

आधी काकूंची बाजू नीट मांडते. त्यांनी पाहिलेलं खोटं नाही. लग्नानंतर अनेक मुलींची पाळी खरोखरच 'लागते'. पण का? काहींना गर्भनिरोधक गोळ्या सुरू होतात आणि महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो. काहींना दिवस जातात, मग पाळीचा प्रश्नच काही काळ उरत नाही. शिवाय पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार) असलेल्या बऱ्याच जणींचं चक्र तिशीनंतर वयानुसार आपोआप थोडं नियमित होतं. यातल्या एकाही गोष्टीचा अक्षतांशी संबंध नाही. श्रेय मात्र लग्नाला मिळतं, आणि मधली पाच-सात वर्षं मुलगी उपचाराविना काढते.

त्या वर्षांत शरीरात काय घडतं ते पाहू. नेहमीच्या चक्रात अंडाशयातलं एक बीज पक्व होऊन बाहेर पडतं आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं. ते गर्भाशयाच्या अस्तराची वाढ थांबवतं, आणि ते ओसरलं की अस्तर गळून पाळी येते. पीसीओएसमध्ये बीज बऱ्याचदा बाहेरच पडत नाही. सोनोग्राफीत मण्यांसारख्या दिसणाऱ्या गाठी म्हणजे वाढ अर्ध्यात थांबलेली बीजं असतात. बीज सुटलं नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही; इस्ट्रोजेन मात्र चालूच, आणि अस्तर जाड होत राहतं. मग तीन-चार महिन्यांनी एकदम अंगावरून जायला लागतं, दहा-बारा दिवस थांबत नाही, मुलगी पांढरीफटक पडते. हे वर्षानुवर्षं चाललं तर अस्तराच्या पेशींची विकृत वाढ आणि पुढे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तरुण वयात हा कर्करोग एकूणात विरळा आहे, घाबरवण्यासाठी मी त्याचं नाव घेत नाही. पण 'पाळी आली नाही तर बरंच, तेवढीच सुटका' असं म्हणणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं की गर्भधारणा नसताना आणि कोणतंही औषध चालू नसताना तीन महिने न आलेली पाळी ही सुटका नव्हे.

अनियमित कशाला म्हणायचं, याला ठरलेली मापं आहेत. पीसीओएसबाबतच्या 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीनंतरचं एक वर्ष अनियमितपणा स्वाभाविक धरावा. पुढची दोन वर्षं 21 दिवसांपेक्षा कमी किंवा 45पेक्षा जास्त अंतर, आणि त्यानंतर 21पेक्षा कमी किंवा 35पेक्षा जास्त अंतर असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर तपासणी हवी. इथे उलट बाजूचा एक आक्षेप मला मान्य आहे: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी करून 'पीसीओडी' (पीसीओएसचंच रूढ नाव) आहे असा शिक्का मारणं चूकच. पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असं त्याच सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही असंच चित्र दिसतं. आधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनच्या रक्ततपासण्या होऊ द्याव्यात.

आता गोळ्यांचं भय. 'हार्मोनच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, पुढे मूल होत नाही.' गणपतीत किंवा घरच्या लग्नात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी ज्या घरात सहज आणली जाते, त्याच घरात हे ऐकू येतं, याचं मला फार वाईट वाटतं. ती पुढे ढकलायची गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध. जाड झालेलं अस्तर गळून जावं म्हणून डॉक्टर ठरावीक अंतराने दहा-चौदा दिवस जे औषध देतात, तेही याच जातीचं. म्हणजे पूजेसाठी हार्मोन चालतं, मुलीच्या शरीरासाठी चालत नाही! रोजच्या मिश्र (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध असलेल्या) गोळ्यांनी चक्र सांभाळलं जातं, चेहऱ्यावरची लव आणि मुरुमंही कमी होतात. गोळ्या थांबवल्या की अनियमितपणा परततो, कारण मूळ प्रवृत्ती कायम असते. गोळीने तो निर्माण केलेला नसतो. कायमचं वंध्यत्व या गोळ्यांनी येत नाही. मात्र डोळ्यांपुढे चमक दिसणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास किंवा पस्तिशीनंतरचं धूम्रपान असेल तर मिश्र गोळ्या धोक्याच्या, म्हणून त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

डॉक्टरांवरच्या अविश्वासाला छत्तीसगडमध्ये खरं कारण आहे, आणि ते मी दडवणार नाही. 2012मध्ये इथलं गर्भाशय कांड उघडकीला आलं. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर कुटुंबामागे 30,000 रुपयांचं संरक्षण होतं, आणि पाळीच्या तक्रारी घेऊन आलेल्या गरीब बायकांना कर्करोगाची भीती घालून खासगी रुग्णालयांत पिशव्या काढल्याचे आरोप झाले. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांची गर्भाशयं काढल्याचं 2019मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. त्यांत ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न पुढे आला. आरोग्य कार्यकर्ते नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023मध्ये अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. या इतिहासातून 'डॉक्टर नकोच' असा अर्थ काढला तर त्या बायकांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल. वेळेवर साध्या गोळ्या आणि समजावून सांगणारं माणूस मिळालं असतं, तर त्यांतल्या कितीतरी जणी ऑपरेशन टेबलापर्यंत गेल्याच नसत्या. आणि पीसीओएस तर पिशवी काढून बराही होत नाही, कारण बिघाड तिथे नसतो. कुणी पिशवी काढा म्हणालं की टाटीबंधच्या एम्समध्ये किंवा मेकाहारा या सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यावं.

'भात सोड, वजन उतरव, आपोआप येईल' हा सल्ला अर्धा खरा आहे. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरल्यावर अनेकींची पाळी सुधारते. पण मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या, 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पीसीओएस आढळलेल्या बहुसंख्य मुली स्थूल नव्हत्या. सडपातळ मुलीला 'वजन कमी कर' म्हणणं निरर्थक, आणि जाड मुलीला जेवताना टोचून बोलणं क्रूर. कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. ताटात भात थोडा कमी, डाळ-भाजी जास्त, आणि आठवड्याला अडीच तास दमवणारं चालणं, एवढ्याने सुरुवात होते. गोल बाजारातल्या जडीबुटीच्या पुड्या आणि मोबाइलवरून विकली जाणारी 'हार्मोन संतुलन' चूर्णं यांच्यावर महिने घालवू नयेत. त्यांत काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही.

लग्नाच्या युक्तिवादातली सगळ्यात मोठी फट मात्र साखरेची आहे. पीसीओएसमध्ये इन्शुलिनचं काम मंदावतं, म्हणून मधुमेहाचा धोका पाळी नियमित झाली तरी, मूल झालं तरी राहतोच. गरोदरपणात साखर वाढण्याची शक्यताही जास्त. त्यासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी, रक्तदाब आणि चरबीची तपासणी निदानाच्या वेळीच व्हावी आणि वेळोवेळी पुन्हा व्हावी. मुलगी गप्प-गप्प राहत असेल, आरशासमोर रडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. नैराश्य आणि चिंता या विकारात नेहमीपेक्षा जास्त आढळतात.

राहिली 'तिला आत्ताच कशाला घाबरवायचं?' ही शंका. मुलगी घाबरते ती नातेवाइकांच्या कुजबुजीतून कानावर पडलेल्या 'हिला मूल होणार नाही' या वाक्याने. खरी माहिती तशी नाही. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं. काहींना उशीर होतो, काहींना बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या लागतात. हे तिला सोळाव्या वर्षी आईने सांगावं, तारखा तिच्या मोबाइलमध्ये तिलाच लिहू द्याव्यात, आणि डॉक्टरांच्या खोलीत पहिलं उत्तर तिलाच देऊ द्यावं.