स्वदेशीच्या गप्पा आणि चोरीची विंडोज

कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पुण्यातील हौदांपर्यंत आणले. या नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. गाळ कोठे साचला, हे माणूस आत उतरून पाहू शकत असे. त्याच कात्रजमध्ये आज घरोघरी संगणक आहेत. पण त्या यंत्राच्या पोटात काय चालते, हे पाहण्याची मुभा विकत घेणाऱ्यालाही नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबविला. घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव सोय देऊ केली, एवढेच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. परिणामी, २०१६-१७च्या सुमारास मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला, अद्याप ठणठणीत असलेला संगणक परकीय कंपनीच्या फर्मानाने एका रात्रीत म्हातारा ठरला! मध्यमवर्गीय कुटुंब यावर काय करते? एक तर तो भंगारात देते, नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘क्रॅक’ केलेली प्रत बसवून घेते. स्वदेशीवरील बौद्धिकाची टिपणे चोरीच्या विंडोजवर टंकित व्हावीत, याची खंत कोणालाच नसावी काय?

यावर लिनक्स हा सरळ उपाय आहे. लिनक्सही परकीयच, असा आक्षेप येतो. तो खोटा नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा रचला आणि अमेरिकेच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची त्याला जोड मिळाली. परंतु त्याची संहिता उघडी आहे. ती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. सी-डॅकने त्यातूनच ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली घडविली व २००७ साली ती लोकांपुढे आली. ती किती घरांत पोहोचली, हे विचारण्याचे धाडस करू नये! केरळमधील राजकारण्यांशी कितीही मतभेद असोत, तेथील सरकारी शाळांनी या शतकाच्या पहिल्याच दशकात मुक्त प्रणालीचा मार्ग धरला आणि सत्तापालट होऊनही तो सोडला नाही. महाराष्ट्राला हे का जमले नाही?

परावलंबनाची किंमत जुलै २०२५मध्ये दिसली. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातमध्ये तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा बंद झाल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, मग त्या पुन्हा सुरू झाल्या. तो प्रश्न ईमेलसारख्या सेवांचा होता, घरगुती संगणकाचा नव्हे, हे मान्य. पण कळ कोणाच्या हाती असते, ते कळले.

‘लिनक्स इंजिनिअरांसाठी’ हा समजही आता टाकावा. नवख्याला लिनक्स मिंट सोयीचे. चार जीबी मेमरी असली की ते सुखाने चालते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवावे आणि संगणक त्यावरूनच सुरू करावा. विंडोजला धक्का न लावता सर्व काही पाहता येते: वाय-फाय, आवाज, छपाई. मन रमले, तरच स्थापना करावी. त्याआधी छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. या पायरीचा आळस करणारे पुढे प्रणालीला शिव्या देतात. पत्रे व ताळेबंदांसाठी लिब्रे ऑफिस आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध आहे. मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराने किंवा ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्याने घाई करू नये. ही दोन्ही लिनक्ससाठी बनविलेली नाहीत. त्याने कामाचा संगणक आहे तसाच ठेवावा. माळ्यावर टाकलेला जुना खाली काढावा, धूळ झटकावी आणि त्याच्यापासून आरंभ करावा.