घरांतील एक संगणक व अनेक खातीं

एका घरांत चार माणसें राहतात. स्वयंपाकघर सर्वांचें असतें, पण कपाट ज्याचें त्याचें. सामायिक संगणकाची व्यवस्थाही अशीच असते. यंत्र एक, परंतु प्रत्येकाचें खातें निराळें. ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें निरपराध माणसाच्या माथीं दोष कसा येतो, हें मीं गेल्या वर्षीं घरींच अनुभविलें.

माझ्या धाकट्या भावानें शाळेसाठीं मराठी निबंध टंकून सामायिक फोल्डरमध्यें ठेविला. सायंकाळीं वडिलांनीं आपल्या खात्यांतून तो उघडला, तों देवनागरीच्या जागीं रोमन अक्षरांची अर्थहीन रास! "तूंच संगणक बिघडविलास," असें म्हणून त्यांनीं त्याला दोन दिवस यंत्राजवळ फिरकूं दिलें नाहीं. "बाबा, मीं कांहीं केलें नाहीं," एवढेंच तो म्हणत राहिला; आणि मी मोठा भाऊ असून गप्प बसलों.

तिसऱ्या दिवशीं मीं तोच निबंध त्याच्या खात्यांतून उघडून पाहिला. एकूणएक अक्षर जागच्या जागीं होतें! निबंध युनिकोडपूर्व पद्धतीच्या जुन्या फॉन्टमध्यें टंकलेला होता. तो फॉन्ट नसेल तेथें असा मजकूर रोमन चिन्हांतच दिसतो. विंडोज १० च्या २०१८ सालच्या एका आवृत्तीपासून फॉन्ट नेहमींच्या रीतीनें बसविला, तर तो बसविणाऱ्याच्या खात्यापुरताच राहतो. सर्वांसाठीं बसविण्याचा पर्याय निराळा असून त्यास ॲडमिनची अनुमति लागते. वडिलांनीं आपला पासवर्ड घालून तो पर्याय निवडला, आणि निबंध त्यांच्याही खात्यांत शुद्ध मराठींत दिसूं लागला.

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं, सामायिक संगणकांत बिघाड दिसतांच "कोणीं केलें?" असें प्रथम विचारूं नये, "कोणत्या खात्यांत दिसतें?" असें विचारावें. तोच प्रोग्राम दुसऱ्या खात्यांतून चालवून पाहावा. तेथेंही अडला, तर दोष बहुधा प्रोग्रामांत किंवा यंत्रांत. तेथें नीट चालला, तर पहिल्या खात्याच्या मांडणींत शोध घ्यावा. कळफलकाची भाषा, प्रोग्रामच्या आवडीनिवडी इत्यादि गोष्टी प्रत्येक खात्यांत वेगळ्या सांठविलेल्या असतात. ही परीक्षा न करितां कित्येक जण प्रोग्राम काढून पुन्हा बसवितात. पण जुनी मांडणी पुष्कळदां तशीच राहते व श्रम व्यर्थ जातात.

कोणी म्हणेल, "सर्वांनाच ॲडमिनचे अधिकार द्या, म्हणजे कटकट मिटेल." हें मला मान्य नाहीं. मग एकाची चूक सर्वांना भोवेल, आणि एकाच्या हातून शिरलेला घातक प्रोग्राम सर्वांच्या फायलींपर्यंत पोंचेल. १९६१ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकच संगणक अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची व्यवस्था करून दाखविली. त्या व्यवस्थेंतही ज्याच्या त्याच्या फायली पासवर्डानें वेगळ्या राखाव्या लागल्या. एकत्र नांदावयाचें तर मर्यादा हवीच.

वडिलांनीं चूक कळतांच भावाला जवळ घेतलें. परंतु रागानें बोललेला शब्द परत घेण्याची सोय कोणत्याही यंत्रांत नाहीं. म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींना व पालकांना माझी नम्र विनंति आहे कीं, आधीं दुसरें खातें उघडून पाहावें. दोष कोणाला द्यावयाचा तें मग ठरवावें.